ढमढेरे बंगला

खुंटी ठोकली गेली ती ढमढेऱ्यांच्या फाटकासमोर. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. बसखात्याचे इन्स्पेक्टर टेप धरून उभे, त्यांचा शिपाई दगडाने खुंटी ठोकतोय. खुंटी वीतभर लांब, डोकं लाल रंगात बुडवलेलं. शिपायाने तिच्याभोवती चुन्याचा गोल काढला. बुधवारी माणसं येऊन तिथे खांब रोवणार होती, खांबावर पाटी लागणार होती, आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्या बोरमाळावर पहिली बस येणार होती.

ही १९७४च्या नोव्हेंबरातली गोष्ट. आज बोरमाळ म्हटलं की लोकांना उड्डाणपूल आठवतो, चार मजली कपड्यांचं दुकान आठवतं. तेव्हा तो पुण्याबाहेरचा नुसता मुरमाड माळ होता. चाळीस प्लॉट पाडलेले, त्यातली सात घरं उभी राहिलेली, बाकी बोरीची झुडपं. वीज आली होती, पाणी टँकरने यायचं, आणि बस पकडायची तर कॅनॉलच्या नाक्यापर्यंत अडीच किलोमीटर चालायचं. मी शहरातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत असे. रोज जाऊन-येऊन पाच किलोमीटर पायपीट, उन्हात, धुळीत, वह्यांच्या पिशवीसकट.

ही कॉलनी वसवली माझ्या यजमानांनी. दत्तात्रय निमकर, पोस्टात हेडक्लार्क. सोसायटीची नोंदणी त्यांनी केली, जमीन बिनशेती करून घेण्यासाठी सहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे त्यांनी झिजवले, आणि घरं उभी राहिल्यावर बससाठी अर्ज करायलाही तेच बसले. निळ्या नाडीची एक फाइल होती. तिच्यात एकोणतीस अर्जांच्या नकला होत्या. त्या साली फेब्रुवारीत एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. टॅक्सी नाही, रिक्षा माळावर येत नसे. शेवटी ढमढेऱ्यांनी आपल्या राजदूत मोटारसायकलवर त्यांना स्वतःच्या आणि माझ्या मध्ये बसवलं आणि नेलं. नाक्याच्या पुढे जायच्या आतच सगळं संपलं होतं. बस मंजूर झाल्याचं पत्र जुलैत आलं, तेही त्यांच्याच नावावर.

म्हणून त्या थांब्यावर त्यांचं नाव यावं एवढंच मला हवं होतं. आमच्याकडे थांब्याला नाव देण्याची तऱ्हा अशी की समोर गिरणी असली तर गिरणी, देऊळ असलं तर देऊळ, आणि माळावर काहीच नसलं तर ज्याचा बंगला समोर असेल त्याचं आडनाव. माझा बंगला ढमढेऱ्यांच्या बंगल्याला लागून होता. दोन फाटकांमध्ये बत्तीस पावलांचं अंतर. ती मी नंतर मोजली, कशासाठी ते सांगतेच.

मी पदर सारखा करून रस्त्यावर गेले.

"साहेब, खांब इथेच का?"

"इथे रस्ता रुंद आहे, बाई. गाडी उभी राहायला बरं. शिवाय सावली आहे, पाणी आहे. लोक असेही इथेच बसतात." त्यांनी ढमढेऱ्यांच्या कडुनिंबाकडे हात केला.

कडुनिंबाखाली शेवंताबाई ढमढेऱ्यांचा रांजण होता. साखळीने बांधलेला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मग, झाकण म्हणून फळी. घरं बांधणारे गवंडी, गावातून बाजाराला जाणाऱ्या बायका, टपालवाला, टँकरवाला, सगळे तिथे टेकायचे, पाणी प्यायचे आणि शेवंताबाईंशी चार गोष्टी बोलून पुढे जायचे.

"आणि नाव काय लागणार?" मी विचारलं.

"समोर जे असेल ते."

"हे सगळे अर्ज माझ्या यजमानांनी केले होते. निमकर."

"हो का? वा," ते म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले.

यापुढे काय बोलायचं? माझ्या नवऱ्याचं नाव लावा हो, असं रस्त्यात उभं राहून मागायची मला लाज वाटली. शिक्षिका होते मी. दुसऱ्याच्या पोरींना ताठ मानेने उभं राहायला शिकवत होते. मी ओट्यावर परत आले, मग ओट्यावरूनही उठून आत गेले आणि खिडकीच्या पडद्याआडून बघत बसले.

शेवंताबाई बाहेर आल्या. नेहमीसारखा खोचलेला पदर, हात पिठाचे. त्यांनी इन्स्पेक्टरांना पाणी दिलं, मग आतून गुळाचा खडा आणून दिला. दोघं काहीतरी बोलत होते. शेवंताबाई माझ्या घराकडे हात करून काही सांगत होत्या. इन्स्पेक्टरांनी मान हलवली, बॅगेतून कागद काढला, खिशातलं पेन दिलं. आणि ती चौथी शिकलेली बाई रांजणाच्या फळीवर कागद ठेवून, जीभ दातांत धरून, बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली. शेवटी सही केली. दोघंही हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे नाव लेखी नोंदवून घेतलं बाईंनी! एका अर्जावर कधी ज्यांनी सही केली नाही, त्यांचं.

खोटं कशाला सांगू, मी शेवंताबाईंवर जळत असे. आजची नव्हे, पहिल्या दिवसापासून. आमच्या आधी दोन महिने त्यांचं घर पुरं झालं म्हणून. त्यांच्या पेरूला दुसऱ्याच वर्षी पेरू लागले आणि माझ्या पेरूला नुसती पानं आली म्हणून. मी शाळेतून येईपर्यंत माझी सहा वर्षांची रेवती त्यांच्या चुलीपुढे बसून दूधभाकरी खाऊन तृप्त झालेली असे, आणि घरी येऊन माझ्या वरणभाताकडे ढुंकून बघत नसे. ह्यांच्या दिवसांत तेरा दिवस त्यांनी माझ्या घरी चूल पेटू दिली नाही, तिन्ही त्रिकाळ जेवण आणून ठेवलं. आणि मी त्या जेवणाकडे बघून काय विचार करत होते? हिचा नवरा संध्याकाळी घरी येणार, हाच.

पण सगळ्यात खोल रुतलेला काटा निराळाच होता. एकदा सोसायटीच्या सभेत ह्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "कागदावर कॉलनी मी वसवली असेन, पण माणसं टिकली ती शेवंताबाईंच्या रांजणामुळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवसापासून त्या रांजणाचं पाणी प्यायचं नाही असं मी ठरवलं. नाक्यावरून चालत येताना घसा कोरडा पडायचा. शेवंताबाई फाटकातून हाक मारायच्या, "बाई, पानी घ्या की." मी म्हणायची, "नको, आत्ताच प्यायलेय." अडीच किलोमीटरच्या माळावर कुठे प्यायले असेन मी?

तर खुंटी ठोकली त्या रविवारी इन्स्पेक्टर तिथून निघाले ते माझ्याच फाटकाशी आले. कडी वाजवली. "निमकरबाई आहेत का?" दोनदा हाक मारली. मी पडद्यामागे श्वास रोखून उभी राहिले. आता हा माणूस सांगणार, थांब्याला ढमढेऱ्यांचं नाव ठरलंय, हरकत नाही ना? आणि मला हसून म्हणावं लागणार, छे, हरकत कसली? मी कडी उघडली नाही. ते थोडं थांबले आणि निघून गेले.

मंगळवारी संध्याकाळी शेवंताबाई माझ्याकडे आल्या. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, उद्या साळंला सुट्टी टाका."

"का बरं?"

"खांब रवायला मानसं येनार न्हवं का? रंगारी जाग्यावरच पाटी लिवनार हाय. तुमी इथं पायजे. तुमी नसल्या तर मला न्हाई बाई ते जमायचं."

"परीक्षा जवळ आल्यात. रजा मिळणार नाही."

"अर्धा दिस तरी?"

"नाही म्हटलं ना, शेवंताबाई."

त्या जरा गोंधळल्या. "साहेब बोलला न्हाई का तुमच्यासंगं?" असं काहीतरी पुटपुटल्या. मी ते ऐकून घेतलं नाही. पाटीवर स्वतःचं नाव चढताना बघायला मला बोलावतेय ही बाई, वर अक्षरं तपासायलाही मीच हवी! मी रेवतीच्या वहीत डोकं घातलं. त्या गेल्या.

बुधवारी मी उजाडता उजाडता उठले. तांबडं फुटलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ह्यांचं बागेतलं खुरपं घेतलं, ओट्यावरचा वरवंटा पदराआड धरला आणि चपला न घालता गेले. खुंटी मुरमात चांगली बसली होती. खुरप्याने भोवतीचा मुरूम उकरला, दोन्ही हातांनी हलवली, उपटली. चुन्याचा गोल पायाने पुसला. मग माझ्या फाटकाकडे पावलं मोजत आले, बत्तीस. फाटकासमोर बरोबर मध्ये खुंटी धरली आणि वरवंट्याने ठोकली. गोल काढायला चुना कुठून आणणार? पर्समध्ये शाळेचे खडू होते. दोन खडू वरवंट्यानेच कुटले आणि ती पूड भोवती टाकली.

हे सगळं करताना मला एकदाही वाटलं नाही की मी काही वाईट करतेय. उलट फार दिवसांनी ह्यांचं काम हाती घेतल्यासारखं वाटलं. हात धुतले, रेवतीचा डबा भरला आणि शाळेत गेले. त्या दिवशी वर्गात मी मुलींना गोष्ट सांगितली म्हणे. मी गोष्टी सांगणारी बाई नव्हे.

संध्याकाळी नाक्यावर उतरले आणि जवळजवळ धावतच निघाले. वळण घेतल्यावर खांब दिसला. माझ्या फाटकासमोर! पिवळाधमक, नवा, सरळ. माझे डोळे भरून आले. आणखी जवळ गेल्यावर पाटी वाचता येऊ लागली. पिवळ्यावर काळी, ओल्या रंगाची, टपोरी अक्षरं होती.

ढमढेरे बंगला.

रेवती आतून धावत आली. "आई, आपल्या दारात ढमढेरेकाकूंचं नाव का गं?" मी तिला एक धपाटा घातला. बिचारीला कळेचना का ते.

तक्रार तरी कुठे करणार? खांबाची जागा चुकली म्हणावं तर ती चुकवली कुणी? शेवंताबाई त्या संध्याकाळी रांजणापाशी नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दिसल्या, पण हाक मारली नाही. मीही मारली नाही. रविवारी पहिली बस आली. बसला हार घातला, कुणीतरी नारळ फोडला. माझं डोकं दुखतंय असं सांगून मी आतच होते. माझ्या खिडकीखाली बस थांबली, घंटी वाजली आणि कंडक्टर ओरडला, "चला, ढमढेरे उतरा!"

पुढची चोवीस वर्षं मी ते ऐकलं. दिवसाला आधी चार वेळा, मग दहा वेळा, मग दर वीस मिनिटांनी.

मी काय केलं माहीत आहे? त्या थांब्याचं तिकीट मी कधी काढलं नाही. काढायचं तर तोंडाने मागावं लागणार, "एक ढमढेरे." मी पुढच्या, शेवटच्या थांब्याचं तिकीट मागत असे आणि मुकाट्याने माझ्या दारात उतरत असे. एका म्हाताऱ्या कंडक्टरला फार दिवस वाटत होतं की मला पाटी वाचता येत नाही. तो बिचारा दरवेळी हळूच सांगायचा, "ताई, तुमचं आलं." तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला!

आणि घंटी. माझ्या दाराची घंटी! बोरमाळ वाढत गेला तो मला माझ्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसांवरून कळत गेला. आधी शेवंताबाईंच्या माहेरचे पाहुणे यायचे, मग त्यांच्या मुलांचे कॉलेजातले मित्र. पुढे गॅसवाला, टेलिफोनवाला, केबलवाला. माळावर इमारती उभ्या राहिल्या तसे फ्लॅट बघायला येणारे लोक. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ढमढेरे बंगला हाच ना?" मी म्हणायची, "हा नाही. पलीकडचा." शेवटी शेवटी तर नवीन पिढी माझ्या घरालाच ढमढेरे बंगला म्हणू लागली. रेवतीच्या लग्नात सासरकडच्या गाडीवाल्याला कुणीतरी पत्ता सांगितला तो तसाच, आणि वऱ्हाड न चुकता माझ्या दारात आलं.

शेवंताबाईंचं आणि माझं भांडण असं कधी झालं नाही. समोरासमोर आलो की बोलायचो, हळदीकुंकवाला जायचो, संक्रांतीला तिळगूळ द्यायचो. पण ती "बाई, पानी घ्या की" अशी हाक मात्र त्यांनी पुन्हा मारली नाही. आता मी पाणी प्यायले असते की नाही ठाऊक नाही, पण हाक ऐकू येत नाही हे मात्र रोज ऐकू येई.

१९९८ साली ढमढेरेभाऊ गेले. वर्षाच्या आतच मुलांनी बंगला बिल्डरला दिला. थोरला बडोद्याला होता, तो आईला घेऊन जाणार होता. निघायच्या चार दिवस आधी, दुपारची, शेवंताबाई माझ्या ओट्यावर आल्या आणि पायरीवरच बसल्या. त्यांचे गुडघे गेले होते.

"बाई, एक इचारायचं राहिलंय. जायच्या आदी इचारते."

"विचारा की."

"त्या वक्ताला तुमी खुंटी का उपटली?"

माझ्या हातात निवडायच्या तांदळाचं ताट होतं. मी ते खाली ठेवलं.

"मी गोठ्यात म्हस पिळत व्हते. तांबडं फुटलं व्हतं. तुमाला बगितलं. अनवानी आल्या, उपटली, घेऊन गेल्या. मला हाका मारायला तोंडच उगडंना."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"काय बोलू? मला वाटलं, बाईला कमीपना वाटला. आपल्या मालकाचं नाव हिच्या दारात नको, असं वाटलं असंल. म्हस पाळनारी, शेन काडनारी बाई मी."

"कुणाचं नाव?"

"निमकरभाऊंचं. दुसऱ्या कुनाचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "मी साहेबाला लिवून दिलं न्हवतं का? खांब माझ्या दारात असू दे, पर नाव भाऊंचं लावा म्हनून. त्यांनीच आनली ना बस. साहेब म्हनला, मी निमकरबाईंना सांगून येतो. आन रंगारी येईल तवा त्याला तुमी दोगींनी नाव सांगा. म्हनून तर मी तुमाला म्हनले, सुट्टी टाका. भाऊंच्या नावात एक काना इकडंतिकडं झाला असता तर मला काय कळनार व्हतं?"

मी ताटातला एक खडा बोटाने बाजूला केला.

"मग रंगारी आला. खांब तुमच्या दारात रवला व्हता. मला म्हनला, मावशी, काय लिवू? माझं टकुरं फिरलेलं. म्हनले, लिव ढमढेरे. तिच्या दारात माझं नाव. बगू दे रोज." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पाप केलं बाई मी. लई दिस झोप लागली न्हाई. पर मग वाटायचं, तिनं तरी का उपटली?"

त्या उत्तराची वाट पाहत होत्या. सांगायचं होतं ते दोन शब्दांत सांगता आलं असतं. मी जळत होते. पण माझं मन तेव्हाही कसं, बघा. मला वाटलं, रचून सांगतेय. जाता जाता चांगुलपणा पदरात पाडून घेतेय, आणि चोवीस वर्षांचं खापर माझ्या डोक्यावर फोडतेय.

"आता इतक्या जुन्या गोष्टी कशाला, शेवंताबाई," मी म्हटलं.

त्या हळूहळू उठल्या. "बरं," म्हणाल्या. फाटकापाशी थांबून खांबाकडे बघितलं आणि गेल्या.

मला तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी बसखात्याच्या कचेरीत गेले. खरंखोटं करायलाच गेले, दुसरं काही मनात नव्हतं. आमच्या शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी, सुलभा गायकवाड, तिथे जुन्या दप्तरावर होती. मला बघून उठून उभी राहिली. "बाई, चोवीस वर्षांपूर्वीचं कुठे सापडायला?" म्हणाली, पण शोधायला लागली. दोन तासांनी कपाटामागच्या गठ्ठ्यातून तिने बोरमाळ मार्गाची फाइल काढली. धूळ झटकून माझ्यापुढे ठेवली.

आधी ह्यांचे अर्ज होते. एकोणतीसच्या एकोणतीस. ते तिरपं, घोटीव अक्षर मी इतक्या वर्षांनी पाहत होते. आणि शेवटच्या अर्जामागे टाचणीने लावलेला एक कागद होता. अक्षर मोठं, पहिलीच्या मुलासारखं, ओळी खाली घसरलेल्या.

'आमच्या दारात बसचा खांब घालण्यास आमची हरकत नाही. पण नाव आमचे घालू नये. निमकर भाऊंचे घालावे. दत्तात्रय निमकर. त्यांनी बस आणली. त्यांना बस मिळाली नाही. शेवंता रघुनाथ ढमढेरे.'

खाली इन्स्पेक्टरांच्या हातचा शेरा होता, 'मान्य. श्रीमती निमकर घरी नव्हत्या.'

"बाई, पाणी देऊ का?" सुलभाने विचारलं. मी नको म्हटलं. त्यांना बस मिळाली नाही, ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. इतकं सरळ मलाही कधी लिहिता आलं नव्हतं. ह्यांचं नाव कागदावर आलं होतं, मंजूरही झालं होतं. त्यावर कुणाचा हात पडला असेल तर तो माझा. मी स्वतःच्या हाताने, ह्यांच्याच खुरप्याने ते उपटलं होतं.

"नाव बदलून मिळेल का गं?" मी विचारलं.

"आता अवघड आहे, बाई. इतक्या वर्षांत लोकांच्या तोंडी बसलंय ना ते."

मी बसमध्ये चढले. जागा मिळाली. कंडक्टर तरुण होता, रोजचाच. मला बघून त्याने न विचारताच शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडायला घेतलं.

"ते नको," मी म्हटलं. "ढमढेरे बंगला."

आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण पुढच्या दोघींनी वळून पाहिलं. कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला.

"ढमढेरे बंगला," मी पुन्हा म्हटलं. "एक."

सारा रस्ता मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. शेवंताबाई, मला ठाऊक नव्हतं. शेवंताबाई, मी तुमच्यावर जळत होते. तुमच्यात कमीपणा कुठला, तुमचं सगळंच माझ्याहून जास्त होतं. उतरल्याबरोबर हेच बोलायचं, ओट्यावर चढायच्याही आधी.

बस थांबली. "ढमढेरे उतरा!" मी उतरले ती थेट पलीकडे गेले. बंगल्याचं फाटक सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. दारं-खिडक्यासुद्धा काढून नेल्या होत्या. अंगणात टेम्पोच्या चाकांचे ताजे वळ होते. बिल्डरचा एक माणूस कडुनिंबाच्या बुंध्याला दोरी बांधत होता.

"आजी गेल्या?"

"दोन तास झाले की. तुमी शेजारच्या बाई ना? लई येळ थांबल्या तुमच्यासाटी."

मी परत फिरले. माझ्या फाटकाशी येईपर्यंत माझं लक्षच गेलं नव्हतं. खांबाच्या बुडाशी, जिथे मी खुंटी ठोकली होती त्याच जागेवर, रांजण ठेवलेला होता. विटांवर नीट बसवलेला, वर फळी, साखळीने मग खांबालाच बांधलेला. मी फळी उचलली. काठोकाठ भरला होता.

रस्त्यावर रहदारी होती, बसला माणसं उभी होती. मी मग बुडवला आणि तिथेच, पाटीखाली उभ्याने, पाणी प्यायले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.